होमस्टेच्या मागच्या वाटेवर फासकी सापडली. पर्यटनामुळे शिकार थांबते की वाढते?

वाडीवरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहितेच, कारण चार दिवस झाले ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आमचं दापोलीच्या बाजूला छोटंसं होमस्टे आहे, राहत्या घरातच तीन खोल्या, मी, नवरा आणि सासूबाई मिळून चालवतो. कासवांच्या दिवसांत फेब्रुवारी ते एप्रिल बऱ्यापैकी माणसं येतात, मग मे महिना आणि दिवाळी. घराच्या मागे काजूची बाग आहे, तिच्या वरच्या अंगाला रान लागतं आणि तिथून एक पाखाडी देवराईकडे जाते. सकाळी पाहुण्यांना पक्षी दाखवायला मी स्वतःच त्या वाटेने घेऊन जाते.

रविवारी पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी पुढे पळत होती, ती एकदम थांबून म्हणाली "काकू, इथे वायर आहे". जाऊन बघते तर करवंदीच्या जाळीतून जनावराची गवत दबून झालेली वाट असते ना, बरोबर तिच्या तोंडावर फासकी. बाइकच्या क्लचची वायर, एक टोक ऐनाच्या बुंध्याला पक्कं बांधलेलं, फास गुडघ्याएवढ्या उंचीवर, तो उघडा राहावा म्हणून दोन्ही बाजूंना काटक्या खोचलेल्या, आणि वायर चमकू नये म्हणून धुरावर धरून काळी केलेली. इतकं मन लावून केलेलं काम. पोरीचा पाय अडकला असता तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात एका ग्रुपने जेवताना विचारलं होतं, "वहिनी, रानातलं काही मिळेल का? भेकर, ससा, घोरपड? पैशांचं बघून घेऊ." मी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कानावर आलं की त्यांना ते गावात दुसरीकडे मिळालं.

मी इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आलेय की तुम्ही इथे येता म्हणून इथलं रान आणि कासवं वाचतात. हे खरं आहे का हो? की आमच्यासारख्या लोकांमुळेच शिकारीला गिऱ्हाईक मिळतंय? तुमच्या भागातले अनुभव सांगा.

दर्यावर्दी

आधी कामाचं: फासकी काढू नका, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा. एक लावणारा कधीच एक लावत नाही, ओळीने लावलेल्या असतात. बाकी चर्चा नंतर.

रानमोगरा

बापरे! ती मुलगी बरी आहे ना?

दर्यावर्दींना अनुमोदन. कायद्यात फासकी लावणं हीच शिकार धरतात, त्यात काही अडकलं की नाही हा पुढचा प्रश्न. आणि त्या ग्रुपसारख्या लोकांना सांगा की ते मांस जवळ बाळगणाराही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. घोरपड तर अनुसूची एकमध्ये आहे, तिच्यासाठी तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. २०२२ ला कायदा बदलला तेव्हापासून दंडही वाढलाय.

तात्या_मंडणगडकर

वाडीवरची, तुम्ही पाहुण्यांना सांगता ते खोटं नाही, निदान कासवांच्या बाबतीत तरी नाही. मी वेळासजवळचा, जे डोळ्यांनी बघितलंय ते लिहितो.

आमच्या लहानपणी कासवाची अंडी काढणं यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर जायचं, मादीने वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रेघ काढलेली असायची, ती जिथे संपते तिथे काठी खुपसत जायचं, काठी एकदम भुसभुशीत आत गेली की तिथे घरटं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. थोडी घरी, बाकीची मोजून विकायची. राहिलेली कुत्री आणि कोल्हे खायचे. किती पिल्लं समुद्रात जात असतील याचा हिशोब कोणी केला नाही.

मग २००२ ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि त्यांची माणसं आली. ती आली होती समुद्री गरुडाची पाहणी करायला, त्यात त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. त्या पहिल्याच मोसमात ५० घरटी राखली गेली. पण ध्यानात घ्या, राखणीला कोणाला ठेवलं? जे अंडी शोधण्यात पटाईत होते त्यांनाच. काठीचं तेच कसब, काम उलटं. अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून परत पुरायची, आणि दीड-दोन महिने वाट बघायची.

पर्यटन त्याच्यानंतर आलं हो, २००६ ला कासव महोत्सव सुरू झाला तेव्हा. आधी राखण, मग पाहुणे. हा क्रम महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. आणि पाहुणे कुठे राहिले, तर गावातल्या घरांत. ओटीवर गाद्या घातल्या, चुलीवरचा भात, आमटी, उकडीचे मोदक, त्यामुळे पैसा थेट बाईच्या हातात गेला. मग ज्या घरात पूर्वी अंडी शिजायची त्याच घरातली बाई शेजारच्याला ओरडायला लागली की अंड्यांना हात लावू नकोस, माझे पाहुणे कशाला येतील. वनरक्षकाच्या शिट्टीपेक्षा त्या ओरडण्याचा धाक जास्त.

अभ्यासू_कोकण

तात्या, छान लिहिलंत, पण मी जरा वेगळं म्हणतो. जिथे पर्यटन हाच राखणीचा पाया झालाय तिथे पर्यटन थांबलं की काय होतं? २०२० मध्ये बघितलं आपण. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने टाळेबंदीच्या आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे अशी देशभरातल्या बातम्यांची तुलना केली होती, खाण्यासाठी आणि स्थानिक विक्रीसाठी केलेल्या शिकारीच्या घटना ३५ वरून ८८ वर गेल्या होत्या. माणसं घरी, हाताला काम नाही, रानात पर्यटकांची वर्दळ नाही. म्हणजे जी शिकार थांबली असं आपल्याला वाटत होतं ती फक्त दबलेली होती.

आणि आपल्याकडे तर त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंत घरांची कौलं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, होमस्टे बंद पडली. एका हंगामावर आणि मुंबई-पुण्याच्या माणसाच्या मर्जीवर रान राखायचं म्हणजे वाळूत खांब पुरण्यासारखं आहे.

तात्या_मंडणगडकर

@अभ्यासू, वादळाचं बोललात म्हणून सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये पाहुणे बंद झाले तेव्हाही आमच्या बाजूला घरटी राखली गेली, पिल्लं सोडली गेली. बघायला कोणी नव्हतं, सकाळी टोपली उचलायला दोन माणसं आणि समुद्र. त्या वर्षी कोणी पैशासाठी ते केलं नाही. अठरा वर्षं एखादं काम केलं की ते अंगवळणी पडतं. तुमचा आकडा मी खोटा म्हणत नाही, पण तो सगळीकडे सारखा लागू नाही एवढंच.

बाव_आणि_रहाट

मी शेतकरी आहे, राजापूर तालुका. सगळे शिकारी शिकारी म्हणताय, जरा आमच्या बाजूनेही बघा.

मागच्या वर्षी मी रताळी आणि कणगरं लावली होती, एका रात्रीत डुकरांनी अख्खा मळा नांगरून ठेवला. नांगरून म्हणजे खरोखर नांगरून, सकाळी जाऊन बघितलं तर एक सरी सरळ नव्हती. वर माकडं नारळ पाडतात, कोवळी शहाळी दाताने फोडून टाकतात. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज करा, पंचनाम्याला सगळ्यांच्या वेळा जमवा, तोवर पुढची लावणी येते. शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक घरात आहे, ती दर निवडणुकीला पोलिसात जमा करायची, आणि डुकराला काय माहीत आचारसंहिता कधी लागली ते.

मी फासकी लावत नाही हे आधी सांगतो. पण लावणारे मला माहीत आहेत, ते राक्षस नाहीत, माझ्याच पंक्तीला जेवणारी माणसं आहेत. डुकरासाठी लावतात. तुमचे पाहुणे रानात येऊन पक्ष्यांचे फोटो काढतात, पैसे होमस्टेवाल्याला देतात, डुकरं मात्र आम्ही पाळायची. ज्याच्या शेतात जनावर चरतं त्याला पर्यटनाचा एक रुपया मिळत नाही. हे जोवर असं आहे तोवर फासक्या लागणार.

रानमोगरा

@बाव, तुमचा राग कळतो. पण फासकी डुक्कर ओळखत नाही ना. मी रत्नागिरीत राहते, दर वर्षी फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी येते. आमच्या ओळखीच्यांच्या बागेत अडकला होता, मी लांबून बघितलाय. वायर कमरेत बसलेली, जितका जोर लावेल तितकी आत जाणारी, आजूबाजूची माती गोल उकरून काढलेली. डॉक्टर येऊन इंजेक्शन मारेपर्यंत चार तास तो आवाज येत होता. तो आवाज ऐकलेला माणूस पुन्हा फासकी लावणार नाही असं मला वाटतं.

बाव_आणि_रहाट

ऐकलाय मी तो आवाज. म्हणून तर लावत नाही.

मालवणी_चेडू

आमच्याकडची गोष्ट वेगळीच आहे, आमच्याकडे शिकार पाण्याखाली होते आणि तिला कोणी शिकार म्हणत नाही.

मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ सालचं, २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्यातच येतात. अभयारण्य झालं तेव्हा मच्छीमारांचा विरोध होता, तो अजून आहे, कारण त्यांना विचारून काही झालं नाही. मग स्नॉर्केलिंग आणि स्कूबा आलं. चांगली गोष्ट अशी की रापण आणि होडीवर जगणाऱ्या कितीतरी पोरांना त्यात काम मिळालं, मासेमारीचा ताण तेवढा कमी झाला, हे मी मान्य करते. पण सीझनला एकाच प्रवाळावर दहा-दहा होड्या नांगर टाकतात, नांगर ओढला की प्रवाळ मोडतं, ज्याला पोहता येत नाही तो पाहुणा त्यावर उभा राहतो, मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकतात. जे मोडायला एक मिनिट लागतं ते वाढायला किती वर्षं लागतात हे त्या पाहुण्याला कोण सांगणार?

आणि दुकानं! इंद्रजाल म्हणून जी काळी जाळीदार फांदी फ्रेम करून विकतात ना, वास्तुदोष जातो म्हणून, ती झाडाची मुळी नाही, तो समुद्रातला जीव आहे, प्रवाळाचाच भाऊबंद, आणि तो बाळगणं गुन्हा आहे. मोठमोठ्या शंखांपैकीही काही संरक्षित आहेत. हे सगळं घेतं कोण? निसर्ग बघायला आलेला पर्यटकच. वाडीवरची, तुमच्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर हेच, एका हाताने राखतात आणि दुसऱ्या हाताने विकत घेतात.

दर्यावर्दी

इंद्रजालबद्दल पूर्ण सहमत. तेच ‘हत्ताजोडी’चं. मुळी म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात ती नर घोरपडीच्या जननेंद्रियांची वाळवलेली जोडी असते. कोणाच्या घरी दिसली तर हे सांगा, पूजा आपोआप थांबेल.

फणसपोळी

ईईई. मी जेवत होते हो दर्यावर्दी 😅

बरं, मला त्या "रानातलं काही मिळेल का" वाल्यांवर उपाय सुचलाय. रानातलंच हवंय ना, मग टाकळ्याची भाजी वाढा.

तात्या_मंडणगडकर

फेब्रुवारीत टाकळा कुठून आणणार? तो पावसात येतो.

फणसपोळी

खरंय तात्या. मग फणसाच्या कुयरीची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी. एवढं जेवल्यावर भेकर मागायची कोणाची हिंमत आहे!

वाडीवरची

@फणसपोळी, काजूगरांची उसळ केली की खरंच कोणी मटण मागत नाही, हा माझा अनुभव आहे :) पण ते मागणारे मुळात जेवायला आलेले नसतात, परत जाऊन सांगायला आलेले असतात की आम्ही हे खाल्लं.

सगळ्यांचे आभार, वाचतेय. १९२६ ला फोन केलाय, वनरक्षक उद्या येतो म्हणालेत.

पाकोळी

मी एक उलटं उदाहरण देते, जिथे पर्यटनाचा काही संबंध नाही तरी चोरी थांबवण्यासाठी राखण झाली.

वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. त्यातल्या एका गुहेत पाकोळ्या म्हणजे छोटे पक्षी हजारोंनी घरटी करतात. या पाकोळीचं घरटं तिच्या लाळेचं असतं, आणि चीनकडे त्याचं सूप करतात म्हणून त्याला भयंकर भाव. ती घरटी तिथून खरवडून नेली जात होती, कधी कधी अंड्यापिल्लांसकट. सह्याद्री निसर्ग मित्र आणि वनखात्याने मिळून तिथे राखण सुरू केली. तिथे ना होमस्टे, ना महोत्सव, ना पाहुणे, आणि ते नसलेलेच बरे. होडी भरून माणसं त्या गुहेत नेली तर पाकोळ्या उडून जातील.

म्हणून प्रत्येक ठिकाणी पर्यटन आणलं की वाचेल असं समजू नका. काही जागा माहीत नसलेल्याच बऱ्या.

सह्याद्रीतला_बेडूक

पाकोळीच्या शेवटच्या वाक्यासाठी +१००.

मी आंबोलीला पावसाळ्यात पंधरा वर्षं जातोय, बेडूक आणि साप बघायला. आधी आम्ही पाच-सहा जण असायचो, आता रात्री रस्त्यावर बॅटऱ्यांची जत्रा असते. मलबारी चापडा हा साप बसलेली फांदी फोटोसाठी वाकवतात, बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोटोबरोबर जागा जाते. आज फोटो टाकला, खाली दहा जण विचारणार कुठे, आणि त्या दहांत एक तरी असा असतो ज्याला फोटो नको असतो, प्राणी हवा असतो.

तिथेच हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी २०२० मध्ये माशाची नवी जात सापडली, शिस्तुरा हिरण्यकेशी, बोटाएवढाही नाही, सोनेरी पट्ट्यांचा. सुंदर मासा म्हटलं की काचेच्या टाकीवाल्यांचा धोका आलाच. २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली हे फार बरं झालं. लगेच केलं म्हणून बरं, दहा वर्षांनी केलं असतं तर फलक राहिला असता फक्त.

वाडीवरची, तुम्ही तुमच्या पेजवर देवराईची वाट, पक्ष्यांच्या घरट्यांची जागा वगैरे टाकत असाल तर काढून टाका. पाहुण्यांनाही सांगा की फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा.

वाडीवरची

टाकलंय मी. घुबडाच्या घरट्याचं झाडसुद्धा. आजच काढते.

शिकाऱ्याचो_नातू

माझो आजो शिकारी होतो. लपवन काय उपयोग.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. त्या काळात गावात हाका निघायचा, अर्धा गाव डबे बडवत रानात, आणि डुक्कर पडलं की वाटे पडायचे, ज्या विधवेच्या घरात कोणी नव्हतं तिलाही वाटा. मी ते बरोबर होतं असं म्हणत नाही. पण आताची शिकार ती नाही. आता रात्री दोन वाजता बाइकवरून दोघं येतात, डोक्याला बॅटरी, मांस सकाळपर्यंत किलोने विकलं गेलेलं असतं. गावाला वाटा नाही, गावाला पत्ताही नाही. आजोबा शेवटी शेवटी म्हणायचे, "रे, ह्या पोरांका रान म्हाईत नाय, फक्त गिऱ्हाईक म्हाईत."

आजोबांना शेकरूची शीळ, भेकराचं भुंकणं, कुठल्या पाणवठ्यावर कोण कधी येतं, सगळं माहीत होतं. ते गेले तेव्हा ते सगळं गेलं. त्यांच्याबरोबर कोणी चार पाहुणे दिले असते ना, त्यांनी बंदूक खुशाल खुंटीला टांगली असती. कोणी विचारलंच नाही.

खाडीकाठ

वा! नातू, फार मनापासून लिहिलंत.

तुम्ही म्हणताय तसं पेरियारला झालंय, केरळात. १९९८ च्या आसपास दालचिनीची साल चोरणारी, जंगलात शिरून गुन्हे करणारी वीसेक माणसं होती, त्यांच्यावर खटले होते. वनखात्याने त्यांच्याशी बोलून त्यांना वाटाडे केलं, पर्यटकांना जंगलात पायी फिरवायला. गस्तही तेच घालायला लागले, कारण चोरवाटा त्यांनाच माहीत. मी त्यांच्यातल्या एकाबरोबर चाललोय, साठीचा माणूस, ओल्या मातीवरचा ठसा बघून सांगायचा, हत्ती आत्ताच गेलाय की सकाळी.

आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या स्वामिनी गटाने २०१७ पासून खारफुटी सफर सुरू केली, स्वतः वल्हवतात, कुठली चिपी कुठली तिवर ते सांगतात. त्याच बायका खाडीत कालवं-खेकडे काढणाऱ्या घरांतल्या. पैसा त्याच घरात आला की खारफुटीवर कोयता चालवायला कोणी जात नाही.

अभ्यासू_कोकण

माझं वरचं म्हणणं थोडं सुधारतो. तात्या, नातू आणि खाडीकाठ यांनी दिलेली उदाहरणं सारखी आहेत: जो आधी मारत होता किंवा काढत होता, काम त्यालाच दिलं. पण हे किती ठिकाणी होतं? बहुतेक ठिकाणी जमीन मुंबईवाला घेतो, रिसॉर्ट बांधतो, मॅनेजर बाहेरचा, गावातल्याला बागेला पाणी घालायचं काम. किनाऱ्यावर रात्रभर फोकस लावतात, पिल्लं उजेडाकडे चालतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर येतात. दिवसा वाळूत चारचाकी बाइक पळवतात. अशा पर्यटनाने काय राखलं जाणार? याला इको म्हणायला माझा विरोध आहे.

अलिबागकर

फणसाडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ ला अभयारण्य झालं. तिथे पाणवठ्याला गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे. उन्हाळ्यात सगळं जनावर दोन-चार गाणांवर येतं, आणि शिकारीही तिथेच दबा धरतो, त्याला फिरावं लागत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये तिथे माणसांचा वावर असणं फार उपयोगी पडतं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजायचे असतात, मी तीनदा बसलोय. रात्रभर एक सांबर आणि असंख्य डास, पण त्या रात्री त्या गाणावर कोणी बंदूक घेऊन येत नाही हे नक्की. सुपेगावचे लोक पर्यटकांची राहायची सोय बघतात, त्यांचंही लक्ष असतं.

फणसपोळी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली! त्या किनाऱ्यावरून थेट या किनाऱ्यावर. आणि २०२२ ला आपल्याकडच्या पाच कासविणींना सॅटेलाइट टॅग लावले होते, वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या रेवा, लक्ष्मी आणि वनश्री. मी रोज सकाळी चहा घेताना बघायचे प्रथमा कुठे पोचली ते. माहेरवाशिणीसारखी काळजी वाटायची.

मालवणी_चेडू

सावनी माझी आवडती होती ❤

अवांतराला जोडून, मच्छीमारांच्या जाळ्यात कासव आलं आणि जाळं कापून सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजारांपर्यंत, २०१८ पासून. आमच्याकडे लोक आता व्हिडिओ काढून सोडतात. जाळं फाटल्याचं दुःख कोणीतरी समजून घेतलं एवढंच हवं होतं त्यांना.

वाडीवरची

आज मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

वनरक्षक आले होते. दर्यावर्दी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, एक नव्हती, वरच्या अंगाने ओळीत अजून चार होत्या. एकीत भेकराचे केस चिकटलेले होते, तपकिरी, बोटभर. त्यांनी पंचनामा केला आणि वायरी जप्त केल्या. ते चालू असतानाच आमच्याच वाडीतले एक भाऊजी खालून वर आले आणि म्हणाले माझ्या आहेत. कोणी नाव घेतलं नव्हतं. त्यांनी जबाब दिला. पुढे काय होईल ते खातं ठरवेल, मी त्यात पडले नाही आणि पडणारही नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. जाऊ की नको करत होते, सासूबाई म्हणाल्या जा. वहिनी दार उघडून आत निघून गेल्या, बोलल्या नाहीत. भाऊजी ओटीवर बसले होते. म्हणाले डुकरांसाठीच लावल्या होत्या, कडव्या वालाचं सगळं गेलं. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, भेकर मिळालं तेव्हा विकलं, खोटं कशाला बोलू. ‘त्या’ ग्रुपला ज्यांनी दिलं ते हेच.

मला खूप राग यायला हवा होता. पण तिथे बसल्या बसल्या मी हिशोब करत होते. सहा वर्षं झाली होमस्टेला. मासे मी हर्णैच्या लिलावातून आणते, भाजी दापोलीच्या बाजारातून, भाकऱ्या मी आणि सासूबाई करतो, रानात मीच नेते. त्यांचं घर आमच्यापासून दोन बागा सोडून. सहा वर्षांत आलेल्या पाहुण्यांपैकी एकाचाही एक रुपया त्या घरात गेलेला नाही. पाहुण्यांकडून त्यांना पहिला पैसा मिळाला तो त्या भेकराचा.

बाव, तुम्ही जे रागाने लिहिलं होतं ना, ते मी तिथे बसून आठवत होते.

मी विचारलं, पुढच्या शनिवारपासून सकाळी तुम्ही याल का पाहुण्यांबरोबर, चौसिंगा कुठे येतो ते तुम्हालाच माहीत आहे. हसले. म्हणाले, चौसिंगा दाखवीन, पण डुकरांचं काय करू ते सांगा. मला उत्तर देता आलं नाही.

अभ्यासू_कोकण

तुमच्या भावना समजतात पण ज्याने भेकर मारलं त्याला बक्षीस म्हणून काम द्यायचं का? उद्या दुसरा म्हणेल मीही फासकी लावतो, मला पण गाइड करा. हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय.

शिकाऱ्याचो_नातू

गुन्ह्याची शिक्षा खातं देईल, काम वाडीवरची देतायत. दोन्ही व्हायला पाहिजे. आणि जो स्वतःहून वर येऊन म्हणाला माझ्या आहेत, त्याच्यात आणि रात्री दोनच्या बाइकवाल्यांत फरक आहे की नाही?

तात्या_मंडणगडकर

आमच्याकडे पहिल्या वर्षी हाच प्रश्न आला होता, अंडी चोरणाऱ्याला राखण कशी देता म्हणून. मी दिलेलं उत्तर आठवत नाही. पण तो माणूस अजून पहाटे किनाऱ्यावर जातो, एवढं सांगतो.

@वाडीवरची, वहिनींना विसरू नका. भाकऱ्या त्यांच्याकडून घ्या.

वाडीवरची

तात्या, सांगितलंय त्यांना. शनिवारी आठ जणांच्या तांदळाच्या भाकऱ्या त्या करणार आहेत. बोलल्या नाहीत अजून, पण पीठ किती लागेल ते पोराकडून विचारून घेतलं.

वालाच्या नुकसानीचा अर्ज केलाय, मंगळवारी पंचनाम्याला येणार आहेत. आणि सौर कुंपणासाठी जन-वन विकास योजनेतून काही होतं का ते वनरक्षक बघून सांगणार आहेत. तोपर्यंत आम्ही दोन घरं मिळून थोडं तरी कुंपण घालावं म्हणतो. कोणाकडे असेल तर सांगा, खालची तार जमिनीपासून किती उंचीवर ठेवायची? डुक्कर खालून घुसतं ना.

बाव_आणि_रहाट

खालची तार वीतभर उंचीवर, त्याहून वर नको, पिल्लं आधी घुसतात आणि मागून आई. दुसरी तार त्याच्यावर हातभर. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापायचं, गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि सकाळी मळा नांगरलेला. पावसात तर रोज बघायचं. अर्थिंगचा गज ओल्या जागी ठोका, विहिरीच्या बाजूला असेल तर उत्तम. मशीन फक्त कुंपणासाठीचंच घ्या, घरातली लाइट थेट तारेत सोडायचा विचारही कोणाला करू देऊ नका, माणसं मरतात त्याने.

माझं दोन वर्षांपूर्वीचं आहे, डबा जुना झालाय पण चालू आहे, बॅटरी बदलावी लागेल. मी नवीन घेतोय या महिन्यात. भाऊजींना हवा असेल तर मेसेज करा, एसटीत टाकून देतो.